सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो

मे महिन्यात भाची आठ दिवस राहायला आली होती. अकरावी सायन्स संपलेली, बारावीचे क्लास जूनपासून, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर केमिकल बॉन्डिंगचा धडा घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, तू केमिस्ट्री केलीयेस ना, मग मला एक सांग. सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो म्हणतात, मग कुठल्याही अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागते असं आधीच्या धड्यात का दिलंय? द्यायचाच असेल तर त्याने आपण होऊन सोडला पाहिजे ना?"

मी जरा वेळ काहीच बोलले नाही, कारण प्रश्न एकदम नेमका होता. मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली, नंतर बारा वर्षं रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम केलं, आणि तरी ही गोष्ट मला नीट कळली ती नोकरी लागल्यावर, तीही एका सीनियर बाईंनी चहाच्या वेळेत कागदावर आकडे मांडून दाखवले तेव्हा. तोपर्यंत मीही तेच पाठ केलेलं जे सगळे करतात. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, कारण मला खरंच वाटतं की रासायनिक बंध हा धडा ज्या गोष्टीने सुरू होतो ती गोष्टच मुलांना चुकीच्या वाटेला लावते.

गोष्ट तुम्हाला माहीतच असेल, आठवीपासून तीच असते. सोडियमच्या शेवटच्या कक्षेत १ इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या शेवटच्या कक्षेत ७, दोघांनाही आठ पूर्ण करायचेत, मग सोडियम आपला एक देऊन टाकतो, क्लोरीन घेतो, दोघं खूश, झाला आयनिक बंध. ज्यांना द्यायचंही नाही नि घ्यायचंही नाही ते वाटून घेतात, तो झाला सहसंयुज बंध. ऐकायला छान आहे, लक्षातही राहतं, पण यात अणूंना इच्छा असते असं गृहीत धरलंय आणि हिशोब तर कुठेच नाही.

हिशोब असा. सोडियमच्या एका सुट्या अणूतून, म्हणजे वायुरूपातल्या एकट्या अणूतून, तो बाहेरचा इलेक्ट्रॉन उपटून काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं एक ठरलेलं मोठं माप) ४९६ किलोज्यूल खर्च येतो. तो काही देत नाही, त्याच्याकडून ओढून घ्यावा लागतो. क्लोरीनच्या सुट्या अणूला तो इलेक्ट्रॉन मिळाला की ऊर्जा सुटते हे खरं, पण ती ३४९ किलोज्यूल. आता वजाबाकी करा. १४७ ची तूट आहे! नुसतं एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन सरकवणं हा चक्क आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एक सोडियमचा अणू आणि एक क्लोरीनचा अणू एकमेकांपासून लांब ठेवले तर हा व्यवहार होणारच नाही, आठ पूर्ण होवोत नाहीतर न होवोत.

भाची म्हणाली, "मग मीठ बनतं कसं?"

तिच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही अख्खा हिशोब मांडला. घरातल्या खर्चाच्या वहीसारखाच, डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. सोडियम हा धातू आहे, त्याचे अणू आधी सुटे करायचे तर १०७ खर्च. क्लोरीन जोडीजोडीने असतो, त्यातला अर्धा मोल फोडायचा तर १२२. सोडियममधून इलेक्ट्रॉन काढायचे ४९६. एकूण खर्च ७२५. जमेला क्लोरीनकडून ३४९, म्हणजे अजून ३७६ कमीच पडतायत. आणि मग येते ती खरी रक्कम. हे सुटे सोडियम आयन आणि क्लोराइड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गेल्याने धन झालेला सोडियम आणि मिळाल्याने ऋण झालेला क्लोरीन, जवळ येऊन त्यांचा स्फटिक बनतो तेव्हा एकदम ७८७ किलोज्यूल सुटतात. ७८७ मधून ३७६ गेले, उरले ४११. साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ बनताना एवढी ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे एक लिटर पाण्याचं तापमान ९८ अंशांनी वाढवायला जेवढी लागेल तेवढी. मॅक्स बॉर्न आणि फ्रिट्झ हाबर यांच्या नावाने ओळखला जातो तो हा हिशोब, १९१९ चा, आणि अकरावी-बारावीच्या पुस्तकात तो असतोही, पण पुढे कुठेतरी, गणितं सोडवायला म्हणून. गोष्ट सांगून झाल्यावर हिशोब येतो आणि तोवर मनात गोष्टच बसलेली असते.

म्हणजे बंध हा इलेक्ट्रॉन देण्या-घेण्यात नाहीचे. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात, प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम, वर खाली डावी उजवी पुढे मागे असे, आणि ही ओढ सगळीकडून असते, तिच्यातून जे सुटतं त्यातून आधीचा सगळा खर्च भागतो. बंध म्हणजे ती ओढ.

आणि अजून एक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. आपण रोज खातो त्या मिठात बहुतेक वेळा हे देणं-घेणं झालेलंच नसतं. उरणकडची मिठागरं बघा. समुद्राचं पाणी आत घेतात, उन्हात आटवतात, मीठ धरतं. तिथे कोणत्या सोडियमने कोणत्या क्लोरीनला इलेक्ट्रॉन दिला? कुणीच नाही. खडकांची झीज होऊन सोडियम पाण्यात आला तोच मुळी आयन म्हणून, समुद्रात तो आयन म्हणूनच फिरत होता आणि मिठागरात फक्त पाणी उडून गेलं आणि हे आयन एकमेकांना भेटले. लॅबमध्ये कॉस्टिक सोडा आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड मिसळून पाणी आटवलं तरी तसंच, सोडियम आधीपासूनच इलेक्ट्रॉन गमावलेला होता. तरी बंध तोच, मीठ तेच. आयनिक बंधाची व्याख्या इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवरून करायची म्हटली तर अख्ख्या समुद्राचं मीठ त्या व्याख्येबाहेर राहील.

याच्यावरून मुलांचा आणखी एक समज होतो की मिठात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा जोड्या असतात, ज्याने दिला तो आणि ज्याने घेतला तो अशी लग्नं लागलेली असतात. तशा जोड्या नसतात. मिठाचा रेणू असा नसतोच. हे १९१३ मध्ये लॉरेन्स ब्रॅगने क्ष-किरणांनी दाखवलं, तो तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि पंचविसाव्या वर्षी त्याला वडिलांबरोबर नोबेल मिळालं. त्याने सांगितलं की सोडियम आणि क्लोरीनचं प्रमाण सारखं येतं ते बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीमुळे, जोड्या लागल्यामुळे नाही. हे ऐकून जुने केमिस्ट खवळले. हेन्री आर्मस्ट्राँग नावाचे इंग्लंडमधले म्हातारे प्राध्यापक होते, त्यांनी १९२७ मध्ये नेचर मासिकाला 'बिचारं साधं मीठ' अशा अर्थाचं शीर्षक देऊन पत्र लिहिलं, की हे अक्कल गहाण ठेवल्यासारखं आहे आणि केमिस्ट्री म्हणजे काही बुद्धिबळ नाही की भूमिती नाही. चूक आर्मस्ट्राँगचीच होती. पण मला त्यांचा राग समजतो, कारण आयुष्यभर रेणू रेणू शिकवल्यावर कुणी येऊन सांगितलं की ताटातल्या मिठात रेणूच नाही, तर धक्का बसणारच.

हे झाल्यावर मी भाचीला स्वयंपाकघरात नेलं. माझ्याकडे आजीचा लोखंडी खलबत्ता आहे. त्यात खडे मिठाचा मोठा खडा टाकून तिला एकच ठोका घालायला सांगितला. खडा फुटला, आणि भिंगातून बघितलं तर तुकड्यांच्या बाजू सपाट, कोपरे काटकोनातले. दगडासारखा वेडावाकडा फुटत नाही तो. मीठ कडक आहे, ८०१ अंशांपर्यंत वितळत नाही, आणि तरी एका ठोक्याने फुटतं, असं का? तर ठोक्याने एक थर जरासा सरकला, फक्त एका घराने, की जिथे धनासमोर ऋण होतं तिथे धनासमोर धन येतं आणि ऋणासमोर ऋण, आणि मग तेच थर एकमेकांना ढकलून देतात. ज्या मांडणीने धरून ठेवलं होतं तीच मांडणी फोडून टाकते.

आता त्याच ठोक्याने तांब्याचा पत्रा का फुटत नाही? पुण्यात कसब्यात तांबट आळी आहे, तिथून चालत जाताना ठक ठक ठक आवाज येतो तो मला लहानपणापासून आवडतो. तांबट काका पत्र्यावर मठारकाम करतात, म्हणजे लाकडी नाहीतर लोखंडी हातोडीने एकसारखे छोटे छोटे ठोके मारत भांड्याला आकार आणि ती चमकणारी नक्षी देतात, हजारो ठोके बसतात पण तांबं फुटत नाही, पसरतं, वळतं. कारण तांब्यात कुणी कुणाचं ठरलेलं नाही. प्रत्येक अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन अख्ख्या पत्र्यात मोकळे हिंडतात, आणि उरलेले धन आयन त्या इलेक्ट्रॉनच्या पुरात जणू बुडून बसलेले असतात. थर सरकला तरी इलेक्ट्रॉन तिथेही आहेतच, ओढ तशीच राहते. याच मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे वायरमधून वीज जाते आणि तांब्याचं भांडं भर्रकन तापतं. (ठोकून ठोकून पत्रा ताठर होतो हे मात्र खरं, म्हणून तांबट मध्येमध्ये ताव देतात, तापवल्यावर आतली गुंतलेली मांडणी सुटते आणि पत्रा परत मऊ होतो.)

तांब्याचा विषय निघाला की मला कल्हई आठवते, आणि मला विचाराल तर बंधांचे सगळे प्रकार एकाच ठिकाणी बघायचे असतील तर कल्हईवाल्याच्या भट्टीसारखी जागा नाही. आमच्याकडे सांगलीला वर्षातून दोनदा कल्हईवाले चाचा यायचे, आजी सगळी पितळी पातेली, तपेली, तांब्याचे हंडे बाहेर काढायची आणि आम्ही मुलं भोवती उकिडवी बसायचो. जमिनीत छोटा खड्डा, कोळसे, चामड्याचा भाता. भांडं चांगलं तापलं की चाचा चिमूटभर नवसागर टाकायचे आणि पांढरा धूर भसकन वर यायचा, नाकाला झोंबणारा, त्या वासाची मला अजून आठवण आहे. मग कथलाची कांडी भांड्याला टेकवायची, ती लगेच वितळायची, आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात सगळं भांडं आतून चांदीसारखं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र.

आता बघा यात काय काय आहे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. अमोनियम आणि क्लोराइड यांच्यात आयनिक बंध, मिठासारखाच. पण त्या अमोनियमच्या आत एक नायट्रोजन आणि चार हायड्रोजन सहसंयुज बंधांनी जोडलेले, आणि त्यातला चौथा बंध बनताना दोन्ही इलेक्ट्रॉन नायट्रोजनने दिलेले, ज्याला पुस्तकात वेगळं नाव देऊन वेगळा प्रकार म्हणून शिकवतात. पण एकदा बनल्यावर ते चारही बंध अगदी सारखे असतात, कुठला चौथा ते ओळखताच येत नाही. मग नवसागर कुठल्या रकान्यात घालायचा, आयनिक की सहसंयुज? दोन्ही. तापल्यावर नवसागराचा अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असा वायू होतो, तो हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा काळा थर, म्हणजे तांब्याचं ऑक्साइड, खाऊन टाकतो, आणि वर गार हवेत गेल्यावर हे दोन वायू परत एकमेकांना भेटून नवसागराचेच बारीक कण बनतात, तोच तो पांढरा धूर. इकडे खाली ऑक्साइड निघून गेल्यामुळे उघड्या तांब्याला वितळलेलं कथील भिडतं. धातूला धातू. कथील २३२ अंशांनाच वितळतं म्हणून कोळशाच्या भट्टीवर हे जमतं, आणि जिथे दोन्ही भिडतात तिथे नुसता मुलामा चिकटत नाही, तर तांबं-कथील मिळून एक पातळ मिश्रसंयुगाचा थर तयार होतो. नवसागर न टाकता कथील वितळवलं तर ते थेंब थेंब होऊन गोळा होतं, पसरत नाही, कारण मधे ऑक्साइड असतं. चाचांना बंधांची नावं माहीत नसतील, पण कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीला धरते आणि कधी धरत नाही हे त्यांच्या हाताला नेमकं माहीत होतं.

बरं, सहसंयुज बंधाकडे येते. इलेक्ट्रॉनची जोडी दोघांत वाटून घ्यायची ही कल्पना गिल्बर्ट लुइसची, १९१६ सालची, कॅलिफोर्नियात बर्कलेला. त्याच्या बऱ्याच आधी, १९०२ मध्ये, तो शिकवताना अणू म्हणजे घन आणि घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन अशी चित्रं काढायचा, तिथून ते आठाचं सगळं आलं. तेव्हा क्वांटम यांत्रिकी नव्हती, नुसत्या रसायनांच्या वागण्यावरून त्याने हे ओळखलं, आणि आजही आपण त्याच्याच टिंबांच्या आकृत्या काढतो. एवढा मोठा माणूस, पण नोबेल कधी मिळालं नाही, ते मला बरोबर वाटत नाही.

पण वाटून घेतल्याने नक्की होतं काय? दोन हायड्रोजन जवळ आले की इलेक्ट्रॉनला एकाऐवजी दोन केंद्रकांची ओढ मिळते आणि पसरायला जागाही मोठी मिळते, दोन्हीमुळे मिळून एकूण ऊर्जा खाली येते. १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघा शास्त्रज्ञांनी हे गणिताने दाखवलं. परत तेच आहे बघा, धन आणि ऋण यांची ओढ, फक्त इथे इलेक्ट्रॉन मधोमध आहे. आणि जोडीच पाहिजे असंही नाही. दोन प्रोटॉन आणि मिळून एकच इलेक्ट्रॉन, असा हायड्रोजनचा आयन असतो, त्यातही बंध असतो आणि तो तोडायला सुमारे २५५ किलोज्यूल लागतात. दोन इलेक्ट्रॉनवाल्या नेहमीच्या हायड्रोजनला ४३६ लागतात. म्हणजे एका इलेक्ट्रॉननेच निम्म्याहून जास्त काम भागवलं.

आठाचा नियमही असाच, उपयोगी आहे पण कारण नाही. हेलियम, निऑन, झेनॉनसारखे राजवायू कुणाशी बंध करत नाहीत म्हणून त्यांच्यासारखं व्हायला सगळे अणू धडपडतात असं सांगतात. पण १९६२ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेट नावाचा केमिस्ट काम करत होता. प्लॅटिनम हेक्साफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेतं हे त्याने पाहिलेलं. मग त्याच्या लक्षात आलं की झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, तर मग झेनॉनला का नाही? त्याने दोन वायू एकत्र सोडले आणि लगेच नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. तोपर्यंत या वायूंना निष्क्रिय म्हणायचे. आठ पूर्ण आहेत की नाहीत हे त्याने बघितलंच नाही, ऊर्जेचे दोन आकडे शेजारी ठेवून बघितले.

इथे भाचीने मधेच विचारलं, "पण बंध तोडला की ऊर्जा मिळते ना? गॅस जळतो तेव्हा बंध तुटतात म्हणून." हा समज तर इतका पक्का आहे की मी कॉलेजमधून बाहेर पडलेल्या मुलांकडूनही ऐकलाय. नाही हो! बंध तोडायला नेहमीच ऊर्जा घालावी लागते, नेहमीच, नाहीतर तो बंध कसला. ऊर्जा मिळते ती नवीन बंध बनताना. हायड्रोजन जळून पाण्याची वाफ होते तेवढंच धरा. हायड्रोजनचा बंध तोडायला ४३६ घातले, अर्धा मोल ऑक्सिजन फोडायला २४९, एकूण ६८५. पाण्यात ऑक्सिजन-हायड्रोजनचे दोन बंध बनले, प्रत्येकी ४६३, म्हणजे ९२६ परत मिळाले. शिल्लक २४१. ज्योतीची उष्णता ती ही शिल्लक. सिलिंडरमधल्या गॅसचंही असंच, आधीचे बंध त्या मानाने सैल आणि नंतरचे घट्ट, मधल्या फरकावर आपली पोळी भाजते. आणि काडी का लावावी लागते? सुरुवातीचा खर्च कुणीतरी आधी करायला लागतो म्हणून.

अजून एक वाक्य आहे ज्याच्यावर माझा जुना राग आहे. "सहसंयुज बंध दुबळे असतात म्हणून सहसंयुज पदार्थांचा द्रवणांक कमी असतो." मी ज्या क्लासला जायचे तिथे हे फळ्यावर लिहून दिलेलं आणि परीक्षेत त्याला मार्कही मिळाले. देवघरातला कापूर घ्या. डबीचं झाकण उघडं राहिलं तर आठ-पंधरा दिवसांत वड्या लहान होतात, हवेत उडून जातात. पण उडून गेलेल्या कापराचा वास कापराचाच येतो ना? म्हणजे त्याचा रेणू अख्खाच्या अख्खा उडाला, दहा कार्बन, सोळा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, आतला एकही सहसंयुज बंध तुटला नाही. सुटली ती फक्त रेणू-रेणूंमधली हलकी ओढ. आणि जिथे तसे वेगळे रेणूच नाहीत, जिथे सहसंयुज बंधच या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेत, तिथे बघा, हिरा. नाहीतर शेतात सापडणारी गारगोटी, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, वितळायला १७०० अंशांच्या आसपास लागतात. कार्बनबरोबर तोच ऑक्सिजन आला तर सोड्याच्या बाटलीतला वायू होतो, कार्बनच्याच गटातल्या सिलिकॉनबरोबर आला तर दगड. आणि धातू-अधातू म्हणजे आयनिकच, हेही सरसकट नाही. ॲल्युमिनियम क्लोराइड १८० अंशांच्या सुमाराला सरळ वायू होऊन उडायला लागतं, मिठासारखं अजिबात वागत नाही. लायनस पॉलिंग या केमिस्टने १९३२ मध्ये बंधातला कुठला अणू इलेक्ट्रॉन किती ओढतो याचे आकडे काढायची पद्धत दिली, आज त्या मापावर फ्लोरीन ४ च्या जवळ, सोडियम ०.९, त्यावरून कळतं की शुद्ध वाटून घेणं आणि जवळपास पूर्ण ओढून घेणं यांच्यामध्ये सगळ्या पायऱ्या आहेत. प्रकार आपण पाडलेत, सोयीसाठी.

ती हलकी ओढ म्हणजे काहीच नाही असंही नका समजू. भिंतीवर पाल उलटी धावते ती त्याच ओढीवर, तिच्या पायांवरच्या लाखो अतिसूक्ष्म केसांची टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की तेवढं पुरतं, कुठला डिंक लागत नाही.

पाण्याचं सांगून थांबते, कारण मे महिना होता आणि आम्ही बसलो होतो ते माठाशेजारीच. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो, हायड्रोजनची बाजू थोडी धन पडते, आणि रेणू सरळ रेषेत नसून वाकलेला असतो, १०४.५ अंशांचा कोन, म्हणून एका रेणूचा हायड्रोजन दुसऱ्याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. २० किलोज्यूलच्या आसपास, रेणूच्या आतल्या ४६३ पुढे अगदीच किरकोळ. पण तो नसता तर काय झालं असतं ते बघायला पाण्याचा भाऊबंद आहे, हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्याचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो. पाणी मात्र १०० अंशांपर्यंत धरून राहतं.

आणि माठ. झिरपलेलं पाणी बाहेरच्या बाजूने उडतं, उडणाऱ्या प्रत्येक रेणूला शेजाऱ्यांशी असलेले हायड्रोजन बंध तोडून जायचंय, त्याचा खर्च उरलेलं पाणी भरतं. एक ग्रॅमला साधारण २.४ किलोज्यूल. पाच लिटरच्या माठातून १०० ग्रॅम पाणी उडालं तर कागदावरच्या हिशोबाने बाकीचं पाणी ११-१२ अंशांनी गार व्हायला पाहिजे, प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत येत राहते म्हणून तेवढं होत नाही. भाचीने हा हिशोब स्वतः केला, मग उठून माठावर ओलं फडकं गुंडाळलं, जे तिची पणजी कायम करायची.

"मग पेपरात काय लिहू?" हा प्रश्न तिने शेवटी विचारलाच, आणि तो विचारायलाच पाहिजे, मार्क तिचे आहेत. मी म्हटलं, पुस्तकातली आकृती काढ, बाण दाखव, मार्क जाऊ देऊ नकोस, पण त्याच्याखाली एक ओळ वाढव की हा बंध टिकतो तो स्फटिक बनताना सुटणाऱ्या ऊर्जेवर. तिने वहीत "सोडियम देतो" मधला "देतो" खोडला आणि वर लिहिलं "गमावतो".

त्याच दिवशी आम्ही एका बशीत गरम पाण्यात मावेल तेवढं खडे मीठ विरघळवून, गाळून, वर मलमल टाकून खिडकीत ठेवलं होतं. चौथ्या दिवशी बशीच्या तळाला चौकोनच चौकोन, काही तर तीन-चार मिलिमीटरचे, कडा पट्टीने आखल्यासारख्या. तिने सगळ्यात मोठा उचलला, पोळपाटावर ठेवला, सुरीचं पातं कडेला समांतर धरून वरून हलकेच ठोकलं, आणि त्याचे दोन सपाट तुकडे झाले. मग दुसरा घेऊन पातं मुद्दाम कोपऱ्यातून तिरपं धरलं. तो तिरपा तुटला नाही, पायऱ्या पायऱ्यांनी फुटला, प्रत्येक पायरी काटकोनात, आणि ती भिंग घेऊन त्या पायऱ्या मोजत बसली.